कैतान सरांचं न बघणं

कैतान सरांच्या तोंडून नऊ वर्षांत मी एकदाही रागाचा शब्द ऐकला नाही. मुलांवर नाही, माझ्यावर नाही, शाळेच्या व्हरांड्यात येऊन लोळणाऱ्या कुत्रीवरसुद्धा नाही. आणि आज त्यांच्याविषयी लिहायला बसले तर मला मात्र राग आवरत नाही. म्हणून आधी त्यांचं चांगलं तेवढं सांगून घेते. ते पुष्कळ होतं आणि खरं होतं. खोटं असतं तर मला इतकं लागलंच नसतं.

मालवणजवळच्या कट्टा गावाहून किनाऱ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर आमची सातवीपर्यंतची शाळा. मी तिथे बदलून आले तेव्हा माझ्या पिशवीत डबा, चष्मा आणि एक शिपटी असे. मी काही फार मारकुटी बाई नव्हते, पण टेबलावर शिपटी नसली की मला हात रिकामे वाटत. पहिल्याच आठवड्यात एक उंच, किडकिडीत, अर्ध्या बाह्यांच्या पांढऱ्या सदऱ्यातले सर माझ्या दारात आले आणि अतिशय अदबीने म्हणाले, "परब बाई, ही काठी मला आठ दिवस द्याल का? काम आहे." मी दिली. दुसऱ्या दिवशी पाहते तर शाळेच्या परसबागेत वालीच्या वेलाला आधार म्हणून ती मातीत रोवलेली. शेजारी आणखी चार काठ्या होत्या, शाळेतल्या बाकीच्या गुरुजनांच्या. आठ दिवसांत वेल वर चढला, पुढे त्याला शेंगा धरल्या. आता मागायची कशी? त्या वेलाने आमच्या शाळेतला मार बंद केला, असं सर सांगत. वेलाने कसला, सरांनीच केला.

सरांचं घर रेडीचं. वडील बंदरावर लोहखनिज चढवायच्या कामाला होते. घरी यायचे ते भुवयांपर्यंत तांबडे होऊन, आणि आल्या आल्या जो हाताला लागेल त्याला बडवायचे. शाळेतही तोच प्रसाद. सरांच्या डाव्या हाताची दोन बोटं वाकडी होती, कुणा मास्तरांच्या लाकडी पट्टीने झालेली. ते मला एकदाच बोलले, तेही डबा खाताना, सहज. "मार खाऊन मी काय शिकलंय, बाये? मार चुकवूक शिकलंय." वर्गात आणि कचेरीत सर पुस्तकातलं मराठी बोलत. मालवणी यायची ती डब्याबरोबर.

डी.एड.ला आम्ही सगळ्यांनीच वर्तनवाद पाठ केलेला. घंटा वाजली की लाळ गाळणारा कुत्रा, पेटीत कळ दाबणारं कबुतर, प्रबलन, विलोपन, परीक्षेला पाच गुणांची टीप. पेपर झाला, विसरलो. सर विसरले नव्हते. त्यांनी त्या पाच गुणांवर आख्खी नोकरी काढली. त्यांचं म्हणणं साधं होतं. मूल जे करतं त्यानंतर लगेच काय घडतं, त्यावर ते पुन्हा करणार की नाही हे ठरतं. बरोबर केलं की त्याच क्षणी बोला. घरी जाताना नाही, उद्या नाही, त्याच क्षणी. चुकलं तर रागवू नका, कारण रागावणं म्हणजेही बघणंच. मुलाला तेवढंही पुरतं. चुकीकडे बघूच नका. मी एकदा विचारलं, मुलाच्या मनात काय चाललंय ते नको का बघायला? सर हसले. "मनातला काय आसा ता देवान बघूचा. आमका दिसता ता हातापायांचा."

आणि त्यांना दिसायचंही. वर्गातलं सगळ्यात द्वाड पोर ज्या अर्ध्या मिनिटात गप्प बसलेलं असेल ते अर्धं मिनिट सर बरोबर पकडत. जाता जाता त्याच्या वहीवर बोट टेकवून हळूच म्हणत, "छान चाललंय." पोर चमकून वर बघे. महिन्याभरात ते पोर पाच मिनिटं बसू लागे, मग तासभर.

त्यांची फजितीही सांगायला हवी. बरोबर वागणुकीबद्दल मुलांना काहीतरी द्यायचं आणि ठराविक संख्या साठली की खेळाचा एक जादा तास, अशी योजना त्यांनी काढली. द्यायचं काय, तर काजूच्या बिया. फुकटच्या, टिकाऊ, मुलांच्या आवडीच्या. जानेवारीपर्यंत वर्ग देवळासारखा शांत. मग काजूचा हंगाम आला. एका सोमवारी तिसरीतली पोरं पिशव्या भरभरून बिया घेऊन आली, आपापल्या बागेतल्या. एकाने तर सबंध वर्षाच्या खेळाच्या तासांची मागणी केली. सरांनी पिशव्यांकडे पाहिलं, मग मुलांकडे, आणि स्वतःच इतके हसले की टेबलाला धरून उभे राहिले. चार तास खेळ दिला त्यांनी. बोलल्याप्रमाणे द्यायलाच हवं, म्हणाले. मग बिया बंद झाल्या आणि माशाचा शिक्का आला, मनगटावर उठवायचा. त्यावर आयांची तक्रार आली की पोरं जेवताना हात धूत नाहीत.

मोठ्यांवरही त्यांचे प्रयोग चालत. दुपारची एस.टी. आमच्या फाट्यावर थांबता थांबेना. ड्रायव्हर हात केला तरी पुढे जाई. सरांनी अर्ज केला नाही, भांडण केलं नाही. ज्या दिवशी गाडी थांबली त्या दिवशी ड्रायव्हरला गुळात घोळलेल्या मालवणी खाज्याची पुडी दिली. दुसऱ्या दिवशी नुसते आभार मानले. चौथ्या दिवशी पुन्हा पुडी. रोज का देत नाही म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, रोज मिळालं की माणूस ते गृहीत धरतो, कधी मिळेल ते कळता कामा नये. गणपतीपर्यंत ती एस.टी. फाट्यावर कुणी उभं नसलं तरी थांबू लागली. मुख्याध्यापकांच्या लांबलचक सभाही त्यांनीच आटोक्यात आणल्या. ते थोडक्यात बोलले की सर मान डोलावून वहीत लिहून घेत, पाल्हाळ लावला की खिडकीबाहेर बघत. मुख्याध्यापकांना शेवटपर्यंत कळलं नाही. आम्ही मात्र हसून हसून बेजार.

माझ्यावरही प्रयोग चालला होता, हे तेव्हा ध्यानात यायला हवं होतं. माझा तास बाहेरून ऐकून ते मधल्या सुट्टीत सांगत, "परब बाई, आज त्या मुलीला उत्तर सुचेपर्यंत तुम्ही थांबलात. फार छान." मी बेचाळीस वर्षांची, दोन मुलांची आई. पण त्या दिवशी घरी जाऊन मी गाणं गुणगुणत भाकऱ्या करायची. नवरा विचारायचा, पगार वाढला काय.

आता निकिता.

निकिता माझ्या तिसरीच्या वर्गातली. बाप ट्रॉलरवर, आई पहाटे टोपली घेऊन मालवणच्या बाजारात. पोरगी हुशार, पण तक्रारखोर. बाई, ह्येना माका ढकलल्यान. बाई, माझी पेन्सिल. बाई, पाय दुखता. बाई, पोटात कसातरी होता. दिवसाला दहा वेळा उठायची. मी प्रत्येक वेळी बघायची, जवळ घ्यायची, कधी पाणी द्यायची, कधी कचेरीत नेऊन निजवायची. ऑगस्टमध्ये त्या यादीत आणखी एक भर पडली. बाई, कान दुखता.

सरांनी दोन दिवस माझ्या वर्गात मागे बसून पाहिलं. मग समजावून सांगितलं की तक्रार केली की बाई मिळते, हे ती शिकली आहे, आणि शिकवलंय मीच. इलाज एकच. तक्रार आली की बघायचं नाही, फळ्याकडे वळायचं. शांतपणे काम करताना दिसली की लगेच शाबासकी. त्यांनी आईलाही शाळेत बोलावून तेच सांगितलं. घरात एक आणि शाळेत एक असं झालं तर पद्धत मोडते, म्हणाले. आईने हात जोडले. सर सांगतायत म्हणजे झालं.

पहिल्या आठवड्यात तक्रारी कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या. पोरगी रडू लागली. कानावर हात धरून माझ्या टेबलाशी येऊन उभी राहायची आणि मी फळ्यावर लिहीत राहायची. मला ते सोसेना. मी सरांकडे गेले. त्यांचा चेहरा खुलला. बंद होण्याआधी ते वाढतंच, म्हणाले, म्हणजे पद्धत लागू पडतेय, आता ढिली पडू नका. "तुमी टिकलात मा बाये, हीच मोठी गोष्ट आसा." आणि मला बरं वाटलं. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. त्या संध्याकाळी मला खरोखर बरं वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात तक्रारी थांबल्या. एकही नाही. निकिता बाकावर डोकं एका अंगाला टेकवून लिहायची. मागून हाक मारली तर वळायची नाही. मला वाटलं, रुसली आहे. सरांना सांगितलं तर ते म्हणाले, तेही लक्ष वेधणंच. त्या शनिवारी त्यांनी स्वतः येऊन तिच्या मनगटावर शिक्का उठवला.

पुढच्या आठवड्यात आईला तिच्या उशीवर पिवळे डाग दिसले. मालवणच्या डॉक्टरांनी गोव्याला पाठवलं. कानात पू होऊन पडदा फाटला होता, आत बरंच खराब झालं होतं. शस्त्रक्रिया झाली. दुखणं गेलं, पण उजव्या कानाने तिला पुढे फारसं ऐकू आलं नाही.

गावात बोलाबोली झाली. केंद्रप्रमुख चौकशीला आले. कचेरीत मुख्याध्यापक, मी, सर आणि दाराशी निकिताची आई, लेकीचा हात धरून. केंद्रप्रमुखांनी आईलाच विचारलं की पोर रडत होती तर तुम्ही काय करत होता. ती बाई खाली बघून म्हणाली, "सर म्हणाले, बघल्यासारख्या करू नको. म्हणान मी नाय बघलंय."

मी सरांकडे पाहिलं. मला शंकासुद्धा नव्हती. आता ते उठतील, म्हणतील की मी सांगितलं, माझं चुकलं. बोटं वाकवून घेतलेला, पोरांच्या अंगाला काठी लागू न देणारा माणूस. तो बोलणार नाही तर कोण बोलेल?

सर उभे राहिले. सदऱ्याची बाही सारखी केली आणि स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणाले, "मी केवळ तत्त्व सांगितलं होतं. आजारपण आणि वर्तन यातला फरक ओळखणं हे वर्गशिक्षकाचं काम आहे. परब बाई रोज वर्गात होत्या."

खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. मी रोज वर्गात होते. मी पोरीचा कानावरचा हात पाहिला होता. माझा अपराध मी कुणावर ढकलत नाही, तो माझ्या माथी आहे आणि राहील. पण त्या कचेरीत मी एकटी पडले आणि मला एकटं पाडणारा माणूस माझ्या शेजारच्या खुर्चीवर होता. कारणे दाखवा नोटीस मला आली. उत्तरात मी सरांचं नाव लिहिलं नाही. का नाही? तर मला अजून वाटत होतं की ते स्वतःहून बोलतील. इतकी मी मूर्ख.

नंतर मी तीनदा त्यांच्यापाशी विषय काढला. पहिल्यांदा सर खिडकीबाहेर बघत राहिले. दुसऱ्यांदा पेन्सिलीला टोक करत बसले. मी थांबून, हरून, पटसंख्येबद्दल काहीतरी विचारलं, तर लगेच वळले, प्रसन्न हसले आणि खाज्याची पुडी पुढे केली. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी निकिता झाले होते. माझी तक्रार विझवली जात होती. मी शांतपणे काम करताना दिसले की मला खाजं मिळणार होतं. ती पुडी मी त्यांच्या टेबलावर तशीच ठेवली आणि हात धुऊन आले. त्यानंतर आमचे डबे वेगळे झाले.

तरीही कुठेतरी मी त्यांची बाजू धरून होते. माणूस घाबरला असेल, निवृत्तीला दोन-अडीच वर्षं राहिलीत, पेन्शनची काळजी असेल. तीही समजूत वैभववाडीला गेली.

तिथे शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून व्यासपीठावर कैतान सर. त्यांच्या उपक्रमाला जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं. मला ते ठाऊकच नव्हतं. पडद्यावर एकेक चित्र येत गेलं. परसबागेतल्या काठ्या आल्या, काजूबिया आल्या, सभागृह खदखदून हसलं. मीही हसले, सवयीने. मग एक आलेख आला. शीर्षक होतं, विद्यार्थिनी नि., इयत्ता तिसरी. रेघ आधी वर चढली होती, मग उतरत उतरत शून्याला टेकली होती. सर सांगत होते की या चढाला घाबरू नका, इथे बहुतेक शिक्षक हार मानतात. लोक लिहून घेत होते. माझ्या शेजारची बाई तर चढाच्या टोकाचा फोटो काढत होती.

त्या चढात निकिताचा कान फुटत होता. आणि हे सर्व सर सांगत होते ते गोव्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष उलटल्यावर.

संध्याकाळी एस.टी. स्टँडवर मी त्यांना गाठलं. इतकंच विचारलं की सर, तुम्ही तो आलेख दाखवलातच कसा. यावेळी खिडकी नव्हती आणि पेन्सिलही नव्हती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे, अगदी प्रेमाने म्हणाले, "आलेख खोटो नाय, बाये. तक्रारी बंद झाल्यो की नाय? तूच सांग."

मी गाडीत त्यांच्यापासून लांब बसले. घरी पोचेपर्यंत रडू येईल असं वाटत होतं, पण आलं नाही. त्या माणसाला खरंच काही दिसत नव्हतं, की दिसत असून ते बघत नव्हते, याचा निकाल मला आजवर लावता आलेला नाही. दोन्हींतलं कुठलं जास्त वाईट, तेही कळत नाही.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सर निवृत्त झाले. शाळेने निरोपसमारंभ केला. शाल, श्रीफळ, मुलांची मनोगतं. मनोगताला पाचवीतून निकिताचं नाव आलं. तिनेच दिलं होतं. मी तिला परोपरीने विचारलं, नको असेल तर नको. ती म्हणाली, "कित्याक बाई? सर माका आवडतत." तिला कोणी सांगितलंच नव्हतं. आईने नाही, मी नाही. तिला वाटे, कान आपला आपण दुखला आणि गेला. ती स्वच्छ आवाजात बोलली. सरांनी आम्हाला कधी मारलं नाही, कधी रागावले नाहीत, असं म्हणाली. सगळं खरं होतं.

कार्यक्रम आटोपल्यावर मुलं चिवडा-लाडूच्या बशा घेऊन अंगणात बसली. सर सगळ्यांचा निरोप घेत फिरत होते. निकिता पायरीवर बसली होती, डाव्या बाजूच्या मैत्रिणीशी बोलत. सर तिच्या उजव्या बाजूने आले. जरा वाकले आणि म्हणाले, "निकिता, फार सुंदर बोललीस."

तिने वळून पाहिलं नाही. मैत्रिणीच्या बशीतली शेव वेचत राहिली.

सरांनी पुन्हा म्हटलं, थोडं मोठ्याने. अंगणात कलकलाट होता. ती मैत्रिणीला काहीतरी सांगून हसली. सर तसेच वाकून उभे, चेहऱ्यावर ते नेहमीचं हसू. माझ्या देखत पहिल्यांदाच त्यांची शाबासकी पोचत नव्हती. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मी निकिताच्या खांद्याला हात लावला असता तर काम झालं असतं. पण मी तो लावला नाही. मी म्हटलं, "सर, त्या कानान तिका आयकाक येणा नाय. पलीकडसून येवा आणि तिच्यासमोर बसून बोला."

पलीकडे जायचं म्हणजे पायरीला वळसा घालायचा, चार पावलं. तिच्या समोर बसायचं, तिच्या तोंडाकडे बघायचं. सर क्षणभर उभे राहिले. मग सरळ झाले, खांद्यावरची शाल नीट केली, आणि फाटकाकडे चालू लागले. मुलं मागून ओरडत होती, सर, टाटा. त्यांनी हात वर केला, मागे वळून मात्र पाहिलं नाही.

"सर गेले?" निकिताने जरा वेळाने मला विचारलं. "माका भेटले नाय ते."

मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले आणि तिला सगळं सांगितलं.